सहा वसाहतींची एक चूल, न्यूझीलंडची वेगळी: ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्राच्या तासाला ऑस्ट्रेलियाची घटना आली की मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. क्रिकेटवाल्यांचे वेगळे, आणि मुलगा किंवा मुलगी मेलबर्नला स्थायिक झालेल्या आईवडिलांचे आणखी वेगळे. तेच ते पुन्हा येऊ लागले म्हणून इथे एकत्र केलेत. विषय एकच: एकाच राणीच्या सहा वसाहती १९०१ साली एकत्र का आल्या, आणि शेजारची सातवी का आली नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना सावध राहाल. बंधुभावाची भाषणं भरपूर झाली, पण निर्णय झाले ते जमाखर्चाची वही समोर ठेवून.

१. ऑस्ट्रेलिया हा देश १९०१ साली झाला म्हणता. मग १८७७ ची पहिली कसोटी कोण खेळलं?

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन वसाहतींतले खेळाडू मिळून. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा काढल्या आणि सामना ४५ धावांनी जिंकला. पण भाऊबंदकी तिथेही होतीच. सिडनीचा गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ या सामन्यात खेळलाच नाही, कारण यष्टिरक्षक म्हणून आपल्याकडचा बिली मर्डॉक सोडून व्हिक्टोरियाचा ब्लॅकहॅम घेतला, हे त्याला पटलं नव्हतं. निवड समितीवरचे आपले वाद आठवले तर हसू येईल. थोडक्यात, देशाच्या २४ वर्षं आधी संघ झाला. देश मोडला पण संघ टिकला, अशी गोष्ट प्रश्न १४ मध्ये आहे.

२. या सहा वसाहती कोणत्या? आणि त्या एकमेकींपासून खरंच वेगळ्या होत्या, की नुसते जिल्हे?

न्यू साउथ वेल्स (१७८८ पासून), टास्मानिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड. व्हिक्टोरिया १८५१ साली आणि क्वीन्सलंड १८५९ साली न्यू साउथ वेल्समधून वेगळ्या निघाल्या. न्यूझीलंडसुद्धा सुरुवातीला थोडा काळ न्यू साउथ वेल्सच्याच ताब्यात होतं, ते १८४१ मध्ये सुटलं.

जिल्हे मुळीच नव्हेत. प्रत्येकीचा गव्हर्नर वेगळा, विधिमंडळ वेगळं, पंतप्रधान वेगळा, पोस्टाची तिकिटं वेगळी. स्वभावही वेगळे. न्यू साउथ वेल्स आणि टास्मानिया कैद्यांच्या वसाहती म्हणून सुरू झाल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात कैदी कधीच आणले नाहीत, आणि हे ते लोक अजून सांगतात. प्रत्येक राजधानीचा कारभार थेट लंडनशी. शेजारणीशी बोलायची गरज क्वचितच पडायची, आणि पडली की भांडणच व्हायचं.

३. रेल्वेच्या रुळांची भानगड नक्की काय होती?

लहानपणी मुंबईहून तेव्हाच्या औरंगाबादला जाताना आम्ही मनमाडला उतरायचो. ब्रॉडगेज तिथवर, पुढे मीटरगेज. अर्धवट झोपेत वळकटी, ट्रंक, पाण्याची कळशी आणि धाकटा भाऊ असं सगळं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत न्यायचं. ज्यांनी ते केलंय त्यांना अल्बरी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अल्बरी हे मरे नदीकाठचं गाव. नदीच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्स, दक्षिणेला व्हिक्टोरिया. न्यू साउथ वेल्सचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे, व्हिक्टोरियाचे ५ फूट ३ इंचांचे. क्वीन्सलंडने तर खर्च वाचवायला ३ फूट ६ इंच धरले. १८८३ साली दोन्हीकडचे रूळ मरे नदीपाशी भिडले, पण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर जाईना. म्हणून अल्बरीला चारशे मीटरहून लांब फलाट बांधला. एका बाजूला सिडनीची गाडी, दुसऱ्या बाजूला मेलबर्नची, आणि मधून प्रवासी सामानासकट धावतायत. लेखक मार्क ट्वेन १८९५ मध्ये इथून गेला आणि या प्रकारावर त्याने यथेच्छ तोंडसुख घेतलं. पुढच्याच वर्षी तो मुंबईतही येऊन गेला.

झालं असं की न्यू साउथ वेल्सच्या आयरिश इंजिनिअरने आधी ५ फूट ३ इंच ठरवलं. शेजाऱ्यांनीही तेच धरलं. मग पगारकपातीवरून तो नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्या स्कॉटिश इंजिनिअरने माप बदललं, आणि तोवर व्हिक्टोरियातल्या कंपन्यांनी डबे-इंजिनांची मागणी नोंदवून टाकली होती. माघार कोणीच घेतली नाही. गंमत म्हणजे संघराज्य झाल्यावरही हे दुखणं गेलं नाही. सिडनी ते मेलबर्न एकाच मापाचा रूळ १९६२ साली झाला.

४. सगळे ब्रिटिशच, एकाच राणीचे. मग सीमेवर जकात कोण कोणाला देत होतं?

एकमेकांनाच. आणि खरं भांडण इथेच होतं.

त्या काळी वसाहतीच्या सरकारचं मुख्य उत्पन्न म्हणजे बंदरावर आणि सीमेवर वसूल होणारा कर. न्यू साउथ वेल्सला सरकारी जमिनी विकून भरपूर पैसा मिळे, म्हणून तिला खुला व्यापार परवडत होता. व्हिक्टोरियात सोन्याच्या खाणी ओसरल्यावर हजारो लोकांना काम द्यायचं होतं, म्हणून तिने बाहेरच्या मालावर जबर कर लावून कारखाने उभे केले. यात शेजारच्या वसाहतीचा मालही बाहेरचाच.

कोरोवा गावातून पूल ओलांडून समोरच्या वहगुन्याला जायचं म्हणजे मरे नदी पार करायची, तेवढंच. पण गाडीत विकायचा माल असेल तर नाक्यावर दाखवायचा, मोजायचा, पैसे भरायचे. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकची रांग ज्यांनी पाहिलीय त्यांना चित्र दिसेल. नदीकाठच्या शेतकऱ्याला सिडनीपेक्षा मेलबर्न कितीतरी जवळ, तरी त्याचा माल तिथे परका. म्हणून संघराज्याची चळवळ राजधान्यांत थंडावली तेव्हा ती या नदीकाठच्या गावांनी पेटती ठेवली (प्रश्न ७).

५. मग एकत्र यायची बुद्धी झाली कशामुळे? जर्मनीच्या भीतीने?

सुरुवात भीतीने झाली, हे खरं. १८८३ साली क्वीन्सलंडने परस्पर न्यू गिनीवर झेंडा लावला, जर्मनी तिथे येईल म्हणून. लंडनने ते नामंजूर केलं. पुढच्या वर्षी जर्मनी खरोखरच आली आणि बेटाचा ईशान्य भाग घेऊन बसली. एकट्या वसाहतीचं लंडनमध्ये कोणी ऐकत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

त्यातून १८८५ मध्ये एक फेडरल कौन्सिल निघालं. त्याला ना स्वतःचं उत्पन्न, ना अंमलबजावणीची यंत्रणा. सगळ्यात जुनी वसाहत न्यू साउथ वेल्स त्यात गेलीच नाही. न्यूझीलंडही नाही. फिजी मात्र एकदा हजेरी लावून गेलं. मग १८८९ मध्ये ब्रिटिश मेजर-जनरल एडवर्ड्सने अहवाल दिला की सहा सैन्यं सहा दिशांना असतील तर हा खंड राखता येणार नाही. त्याचाच आधार घेऊन न्यू साउथ वेल्सचे पंतप्रधान हेन्री पार्क्स २४ ऑक्टोबर १८८९ ला टेंटरफील्डच्या सभेत एका केंद्रीय सरकारची मागणी करून बसले.

पण माझ्या मते भीतीने काम सुरू झालं, तडीला नेलं नाही. कॅनडाकडे बघा. दक्षिणेला अमेरिका, तीही नुकतंच यादवी युद्ध संपवून हातात बंदुका असलेली. तिथे १८६४ ला बोलणी सुरू झाली आणि १८६७ ला संघराज्य उभं राहिलं, सार्वमत वगैरे न घेता. ऑस्ट्रेलियाच्या दाराशी असा शत्रू नव्हता, म्हणून १८८३ ते १९०१ अशी अठरा वर्षं चर्चेत गेली. गाडी पुढे ढकलली ती १८९३ च्या बँकबुडीने. मेलबर्नमध्ये एकामागून एक बँकांनी दारं लावली, आणि सहा छोट्या बाजारपेठांपेक्षा एक मोठी बरी, हे व्यापाऱ्यांना पटलं. शिवाय तोवर तिथल्या गोऱ्यांपैकी बहुसंख्य तिथेच जन्मलेले होते. त्यांची एक वजनदार संघटना होती, नाव ऑस्ट्रेलियन नेटिव्ह्ज असोसिएशन. खऱ्या नेटिव्हांना त्यात जागा नव्हती.

६. आशियाई लोकांना बाहेर ठेवण्यासाठीच हे संघराज्य केलं, असं वाचलं. खरं आहे का?

"साठीच" म्हणणं जास्त होईल. पण सगळ्या वसाहतींचं ज्यावर बिनविरोध एकमत होतं अशा फार थोड्या गोष्टी होत्या, आणि ही त्यांतली पहिली. नव्या संसदेने पहिल्याच वर्षी स्थलांतर निर्बंध कायदा केला. त्यात "आशियाई" हा शब्दही नाही. अधिकाऱ्याने ५० शब्दांचा उतारा कुठल्याही युरोपीय भाषेत सांगायचा आणि येणाऱ्याने तो लिहायचा. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. १९३४ साली एका नकोशा पाहुण्याला स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये परीक्षा दिली होती!

आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं: ही युक्ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये शोधली, आणि तिचा रोख हिंदी लोकांवरच होता. त्याच वर्षी जानेवारीत डर्बनला उतरलेल्या गांधीजींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला होता. लंडनला ही युक्ती आवडली, कारण कागदावर रंगाचा उल्लेख येत नव्हता.

१९०२ च्या मतदान कायद्याने गोऱ्या बायकांना मत दिलं आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांतल्या लोकांना वगळलं. तिथे राहणाऱ्या हिंदी लोकांना मताधिकार १९२५ साली मिळाला. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये तिकडे जाऊन त्यासाठी बोलून आले होते. मूळ रहिवाशांना तर लोकसंख्येत मोजायचंही नाही, असं घटनेचं कलम १२७ सांगत होतं. ते १९६७ च्या सार्वमताने गेलं. एकत्र येण्याच्या कराराला कोणाकोणाची संमती लागली नाही, हेही त्या कराराचंच अंग आहे. पाठ्यपुस्तकात याला एक ओळ मिळते.

७. लोकांना विचारलं होतं का? की पुढाऱ्यांनी आपसांत उरकलं?

पहिल्या खेपेला पुढाऱ्यांनी उरकायला बघितलं आणि फसले. १८९१ च्या सिडनी परिषदेत मसुदा झाला. ईस्टरच्या सुट्टीत क्वीन्सलंडचे सॅम्युअल ग्रिफिथ आणि काही जण 'लुसिंडा' नावाच्या सरकारी नौकेत बसून हॉक्सबरी नदीत गेले आणि तिथे कलमं घासूनपुसून काढली. आजच्या घटनेचा सांगाडा तोच. पण वसाहतींच्या विधिमंडळांत तो धूळ खात पडला.

१८९३ मध्ये कोरोवाला नदीकाठच्या गावांतले लोक जमले. बेंडिगोचे वकील जॉन क्विक यांनी ठराव मांडला: प्रतिनिधी लोकांनी निवडायचे आणि तयार मसुदा लोकांच्याच मताला टाकायचा. एका आडगावच्या सभेतला हा ठराव पुढे सगळ्यांनी उचलला. १८९७-९८ ची परिषद ॲडलेड, सिडनी, मेलबर्न अशी फिरती झाली, प्रत्येक वसाहतीचे दहा प्रतिनिधी. पश्चिम ऑस्ट्रेलियाने मात्र आपले लोक विधिमंडळातून पाठवले, आणि क्वीन्सलंड आलंच नाही.

"लोक" म्हणजे कोण, हे विसरू नका. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात बायकांनी मत दिलं, बाकी चार ठिकाणी फक्त पुरुषांनी.

८. १८९८ ला न्यू साउथ वेल्समध्ये "हो"ची मतं जास्त होती, तरी ठराव पडला. हे कसं काय?

७१,५९५ विरुद्ध ६६,२२८. साध्या बहुमताने पास. पण तिथल्या विधिमंडळाने आधीच अट घातली होती की "हो"ची किमान ८०,००० मतं पडली पाहिजेत. ही अट मुळात ५०,००० ची होती, ती मुद्दाम वाढवली.

तिथले पंतप्रधान जॉर्ज रीड यांनी तर भाषणात मसुद्याची चिरफाड केली आणि शेवटी सांगितलं की मी स्वतः मात्र "हो" म्हणणार. तेव्हापासून त्यांचं नावच 'हो-नाही रीड' पडलं. मी त्यांना दोष देत नाही. सर्वांत मोठ्या वसाहतीचा माणूस घासाघीस करणारच, आणि ठराव पडल्यामुळेच त्यांना १८९९ च्या सुरुवातीला बाकीच्या पंतप्रधानांकडून सवलती काढता आल्या. त्यांतली मोठी सवलत प्रश्न ९ मध्ये, दुसरी १० मध्ये. जून १८९९ च्या दुसऱ्या सार्वमतात १,०७,४२० विरुद्ध ८२,७४१ असा कौल मिळाला. तुलनेसाठी, व्हिक्टोरियात त्याच वर्षी १,५२,६५३ विरुद्ध ९,८०५.

९. राजधानी ना सिडनी, ना मेलबर्न. कॅनबेरा कुठून आलं?

तोडग्यातून. घटनेच्या १२५ व्या कलमात लिहिलंय: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर, आणि ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. पहिलं वाक्य सिडनीच्या समाधानासाठी, पुढची दोन मेलबर्नच्या. जागा १९०८ ला ठरली, संसद तिथे १९२७ ला गेली.

१०. लहान वसाहतींना मोठ्यांची भीती वाटली नाही?

वाटली, आणि त्यांनी ती वसूलही केली. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्या जागा, टास्मानिया असो की न्यू साउथ वेल्स. आपली राज्यसभा लोकसंख्येवर चालते: महाराष्ट्राला १९, उत्तर प्रदेशला ३१, सिक्कीमला १. शिवाय मूळ राज्याला खालच्या सभागृहात किमान पाच जागा, लोकसंख्या कितीही कमी असो.

खरी चिंता पैशाची होती. सीमेवरचा कर केंद्राकडे गेला तर टास्मानियाने खायचं काय? तिथले पंतप्रधान एडवर्ड ब्रॅडन यांनी कलम घुसवलं की या उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग राज्यांना परत मिळेल. हे ब्रॅडन आधी तीसेक वर्षं हिंदुस्थानात होते, अवधमध्ये अबकारी आणि मुद्रांक खातं सांभाळत. वसुलीतला पैसा कुठे झिरपतो हे अबकारीतल्या माणसाला कोण शिकवणार! न्यू साउथ वेल्सवाले या कलमाला 'ब्रॅडनचा डाग' म्हणायचे, आणि १८९९ च्या तडजोडीत रीड यांनी त्याला दहा वर्षांची मुदत लावून घेतली.

११. पश्चिम ऑस्ट्रेलिया सगळ्यांत शेवटी आली आणि नंतर बाहेर पडायलाही निघाली होती, हे खरं?

दोन्ही खरं. पर्थ ते सिडनी म्हणजे वाळवंटापलीकडचा प्रवास, जाणं-येणं समुद्राने. स्वराज्य मिळून जेमतेम दहा वर्षं झालेली, कराचं उत्पन्न हातचं जाणार, म्हणून पंतप्रधान जॉन फॉरेस्ट टाळाटाळ करत होते. पण १८९२-९३ मध्ये कूलगार्डी आणि कॅलगुर्लीला सोनं सापडलं आणि पूर्वेकडचे हजारो लोक तिथे आले. त्यांनी सरळ धमकी दिली: तुम्ही संघराज्यात येत नसाल तर आम्ही खाणपट्टा तोडून 'ऑरेलिया' नावाची वेगळी वसाहत करतो. ३१ जुलै १९०० ला मतदान झालं, ४४,८०० विरुद्ध १९,६९१. लंडनमध्ये राणीची सही ९ जुलैलाच झाली होती. त्यामुळे घटनेच्या प्रास्ताविकात एकत्र येणाऱ्या पाच वसाहतींची नावं आहेत, पश्चिम ऑस्ट्रेलियाचं नाही. पाच वर्षं उतरत्या दराने स्वतःचा कर लावायची सवलत (कलम ९५) तिने तरी मिळवली. रेल्वेचं नुसतं आश्वासन मिळालं, ती १९१७ ला आली.

८ एप्रिल १९३३ ला मंदीच्या तडाख्यात तिथे फुटून निघण्यावर सार्वमत झालं: १,३८,६५३ बाजूने, ७०,७०६ विरोधात. त्याच दिवशी त्याच मतदारांनी फुटण्याच्या बाजूचं सरकारही पाडलं. अर्ज लंडनला गेला, आणि १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तो दाखल करून घ्यायलाच नकार दिला, कारण ऑस्ट्रेलियाच्या सरकारची मागणी असल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. प्रास्ताविकातला 'अभंग' हा शब्द किती पक्का आहे ते तेव्हा कळलं.

१२. आणि न्यूझीलंड? तेही इंग्रजच, तेही शेजारी. ते का आलं नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे "मध्ये समुद्र आहे". १८९० च्या मेलबर्न परिषदेत न्यूझीलंडचे जॉन हॉल म्हणाले होते की आपल्यामधल्या बाराशे मैल खवळलेल्या समुद्राने संघराज्याच्या वाटेत बाराशे अडथळे उभे केलेत. वाक्य झकास आहे. पण सिडनीहून वेलिंग्टन साधारण २,२०० किलोमीटर, आणि पर्थ ३,३०० च्या आसपास. पर्थ आलंच ना? अंतर हे कारण होतं, पण एकटं पुरणारं नव्हतं.

दुसरं काहीतरी बदललं होतं. १८८२ मध्ये 'डनेडिन' हे जहाज गोठवलेलं मांस भरून न्यूझीलंडहून लंडनला गेलं आणि ते चांगलं पोचलं. तिथून न्यूझीलंडच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये बसलं. ऑस्ट्रेलियात कराची भिंत उभी राहिली तर अडचण कोणाची? मुख्यतः दक्षिणेकडच्या ओट पिकवणाऱ्यांची, आणि तेच संघराज्याच्या बाजूने सगळ्यांत जास्त बोलत होते. उलट छोट्या कारखानदारांना मेलबर्नच्या मालाची धास्ती.

तिसरं म्हणजे आपण काहीतरी वेगळं करतोय, ही भावना. बायकांना मत १८९३ साली, कामगार लवादाचा कायदा १८९४ ला, म्हातारपणाचं पेन्शन १८९८ ला. आणि माओरी. माओरी पुरुषांना १८६७ पासून मत होतं, संसदेत चार राखीव जागा होत्या. ज्या संघराज्यात मूळ रहिवाशांना मोजायचंही नाही, तिथे माओरींचं काय होणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. गोरे न्यूझीलंडकर फार उदार होते असं मला म्हणायचं नाही, माओरींच्या जमिनी त्यांनी घेतल्याच. पण आपली रीत शेजाऱ्यापेक्षा बरी, हा अभिमान होता.

चौथं कारण रिचर्ड सेडन. पॅसिफिकमध्ये स्वतःचं छोटं साम्राज्य हवं असलेला हा दांडगा पंतप्रधान. १९०१ मध्ये कुक बेटं न्यूझीलंडला जोडून घेतली. वेलिंग्टनमध्ये पंतप्रधान असलेला माणूस मेलबर्नला जाऊन कितवा तरी खासदार का होईल? पण दार बंद करायचंही जिवावर आलं होतं. १९०० मध्ये लंडनकडे मागणी केली की आम्ही नंतर आलो तरी मूळ राज्याच्याच अटींवर घ्या. मिळालं नाही. मग दहा जणांचा आयोग नेमला, त्याने दोन्ही देशांत साक्षी काढल्या आणि १९०१ मध्ये एकमताने "नको" म्हणून सांगितलं.

आईबापांची इस्टेट नसलेल्या घरात भाऊ वेगळे राहतात ते भांडून नव्हे. ज्याचं बाहेर बरं चाललंय तो आपली चूल मांडतो. टास्मानियाचं बाहेर बरं चाललं नव्हतं. न्यूझीलंडचं चाललं होतं.

१३. न्यूझीलंड आजही ऑस्ट्रेलियात सामील होऊ शकतं का? घटनेत त्याचं नाव आहे म्हणतात.

आहे. ज्या कायद्याने घटना लागू झाली त्याच्या सहाव्या कलमात "राज्ये" या शब्दाच्या व्याख्येत न्यूझीलंड अजून लिहिलेलं आहे, "ज्या ज्या वेळी संघराज्याचा भाग असतील अशा वसाहती" या यादीत. १९०२ च्या मतदान कायद्यातही पॅसिफिक बेटवासीयांना वगळताना "न्यूझीलंड सोडून" असे शब्द आहेत, म्हणजे माओरींना मत. पाहुण्यासाठी मांडलेलं ताट. त्यामुळे कायद्याची अडचण फारशी नाही. इच्छा नाही. गरजही उरली नाही: १९७३ पासून एकमेकांकडे जाऊन राहायला-काम करायला मोकळीक आहे आणि १९८३ पासून मुक्त व्यापाराचा करार.

१४. वेस्ट इंडीज हा देश नाही, मग संघ कसा?

देश होता, चार वर्षं. ३ जानेवारी १९५८ ला दहा ब्रिटिश बेट-वसाहतींचं संघराज्य झालं, राजधानी त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला. इथे ऑस्ट्रेलियाच्या उलट सगळं होतं. केंद्राला पहिली पाच वर्षं आयकर लावता येत नव्हता, राज्यांच्या वर्गणीवर गुजराण. बेटांमध्ये सामाईक सीमाशुल्कही नाही. निम्मी लोकसंख्या एकट्या जमैकाची, आणि ती राजधानीपासून हजार मैलांहून लांब. त्रिनिदादकडे तेल होतं आणि गरीब बेटांवरून लोंढे येतील ही भीती. ब्रिटिश गयाना तर आलंच नाही. तिथे आपल्याकडून गेलेल्या मजुरांची वंशावळ मोठी, आणि संघराज्यात आपण अल्पसंख्य होऊ, असं त्यांना वाटत होतं.

सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकात सार्वमत झालं, ५४ टक्के "नको". त्यावर त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की उरतं शून्य. मे १९६२ ला खेळ खलास. क्रिकेटचा संघ मात्र कसोटी १९२८ पासूनच खेळत होता, त्याला संघराज्याची गरज नव्हती. त्याच पोर्ट ऑफ स्पेनला १९७१ मध्ये गावसकरने पहिली कसोटी खेळली, आणि दादरचे सुभाष गुप्ते तिथलेच जावई होऊन त्रिनिदादला राहिले.

१५. मग भारतही संघराज्यच ना? घटनेत "युनियन" का लिहिलंय? (परीक्षेला विचारतात.)

४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचं उत्तर दिलं. भारताचं संघराज्य घटकांनी आपसांत करार करून झालेलं नाही, म्हणून कुठल्याही घटकाला बाहेर पडायचा अधिकार नाही. ऑस्ट्रेलियात वसाहती आधी, केंद्र नंतर. म्हणून तिथे केंद्राचे अधिकार मोजून दिले आणि उरलेलं सगळं राज्यांचं. आपल्याकडे उरलेलं केंद्राचं.

तिकडून आपण घेतलं काय, तर समवर्ती सूची, दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक (अनुच्छेद १०८) आणि देशांतर्गत व्यापाराचं स्वातंत्र्य (अनुच्छेद ३०१). शेवटचं त्यांच्या कलम ९२ वरून. त्यांचे नाके १९०१ च्या ऑक्टोबरात नवं सामाईक करपत्रक लागू होताच गेले. अनुच्छेद ३०१ असूनही मुंबईची जकात जायला १ जुलै २०१७ उजाडला.

१६. गोव्याचा १९६७ चा जनमत कौल याच प्रकारात मोडतो का?

अर्धा. भारतात यायचं की नाही हा प्रश्न नव्हता, तो १९६१ लाच संपला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढंच १६ जानेवारी १९६७ ला विचारलं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. भाषा, जमीन, नोकऱ्या, मोठ्या शेजाऱ्यात विरघळून जाण्याची भीती: मुद्दे मात्र वेलिंग्टनच्या साक्षींसारखेच.

१७. मुलाकडे मेलबर्नला चाललोय. यातलं काही बघायला मिळेल का?

गावातच रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आहे, तिथे ९ मे १९०१ ला पहिली संसद उघडली. सिडनीला गेलात तर सेंटेनियल पार्क, १ जानेवारी १९०१ ची घोषणा तिथली. पण माझं ऐकाल तर सिडनीला विमानाने जाऊ नका. गाडी आता सरळ जाते, बदलावी लागत नाही, आणि अल्बरीला थांबते. तिथे उतरा. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, आणि बॅग मुलाकडे न देता स्वतः ओढा.